मायनस चाळीस बोल्ट

भोसरी एमआयडीसीतला आमचा कारखाना वाढला तो जागा मिळेल तसा. शेजारचा गाळा रिकामा झाला, घेतला. चाकणला शेड मिळाली, तिथे दुसरं युनिट टाकलं. सीएनसी मशीन जपानहून आलं, पण त्यावर निघालेल्या मालाचं बिल मात्र फॉक्सप्रोच्या निळ्या पडद्यावर एफ10 दाबूनच निघायचं. हे फॉक्सप्रो मायक्रोसॉफ्टने 1992 साली विकत घेतलं आणि 2015 साली त्याचा सपोर्टही बंद करून टाकला. आम्ही नाही टाकलं. शेठचं म्हणणं एकच, "चालतंय ना? मग हात लावू नका." प्रोग्राम लिहिणारा मुलगा आता न्यू जर्सीत असतो. दर पाडव्याला त्याला शुभेच्छा जायच्या आणि त्याच मेसेजात, नवीन आर्थिक वर्ष उघडत नाहीये, काय करू, असंही जायचं.

जीएसटीचं ई-इन्व्हॉइस 2020 साली आलं तेव्हा ते 500 कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना होतं. शेठनी ती बातमी दुसऱ्याच्या घरचं लग्न असल्यासारखी वाचली. मग मर्यादा उतरत उतरत 1 ऑगस्ट 2023 ला 5 कोटींवर येऊन ठेपली. वाटेत कुठेतरी आम्हीही सापडलो. फॉक्सप्रोला ते झेपणारं नव्हतं, म्हणून ईआरपी ही नवी सिस्टिम घ्यायचं ठरलं.

कन्सल्टंट म्हणून दोन पोरं आली. गळ्यात पट्टा, पाठीवर सॅक. "सर, आधी आयटम मास्टर द्या, क्लीन हवा."

आमच्याकडे क्लीन असं फक्त शेठचं केबिन. आयटम मास्टर म्हणजे स्टोअरचे अण्णा. त्यांनी वर्षानुवर्षं जे जसं सुचलं तसं टाइप केलेलं. 'बोल्ट एम 8', '8 चा बोल्ट', 'बोल्ट 8 नवीन', 'बोल्ट 8 काळा', आणि 'बोल्ट 8 विचारून देणे'.

"काका, यातले सेम कुठले?"

"सगळे एकच आहेत," अण्णा म्हणाले. "पण एकात एक मिसळू नका."

पोरगा पुढे सरकला. "आणि हा स्टॉक मायनस चाळीस दाखवतोय. मायनस चाळीस बोल्ट म्हणजे काय?"

"म्हणजे लाइनला दिलेत."

"नव्हते तर दिले कसे?"

"नव्हते कोण म्हणतं? माल मंगळवारीच आलाय. बिल परचेसच्या ड्रॉवरमध्ये आहे, त्यामुळे एंट्री व्हायचीय."

आता माझं मत म्हणाल तर जुन्या प्रोग्राममध्ये हा एक मोठेपणा होता: तो माणसावर विश्वास ठेवायचा. नवीन सिस्टिम एंट्रीशिवाय वॉशरसुद्धा सोडत नाही. गो-लाइव्हच्या दिवशी बोल्टचं खोकं समोर टेबलावर, असेंब्लीचा पोरगा समोर उभा, आणि स्क्रीनवर 'स्टॉक उपलब्ध नाही'. तो आणि अण्णा दोघंही आळीपाळीने खोक्याकडे आणि स्क्रीनकडे बघताहेत. अण्णांनी शेवटी खोक्यावर वर्तमानपत्र टाकलं. म्हणाले, "उगाच भांडण नको."

तिकडे प्लेटिंगला जाणारा माल दुपारपर्यंत गेटवर. जॉबवर्कच्या चलनाला आमच्याकडे अजून '57 एफ 4' म्हणतात. तो एक्साइजच्या काळातला नियम. 2017 साली जीएसटी आला, नियमाचं नाव तेवढं मागे राहिलं. वॉचमन 57 एफ 4 दाखवल्याशिवाय टेम्पो सोडेना आणि सिस्टिमच्या मेनूत ते सापडेना. संध्याकाळी पोरांनी चलनाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात '57 एफ 4' छापायची सोय केली. आमच्या आधुनिकीकरणातलं विनातक्रार चाललेलं पहिलं काम हेच.

राहता राहिला आयटम मास्टर. ज्याचं काय करायचं ते कळेना, ते सगळं पोरांनी 'इतर' नावाच्या एका कोडखाली ढकललं. 'विचारून देणे' तिथेच गेलं. अण्णांना हा कोड फार आवडला. काही अडलं की इतर. लवकरच परचेसलाही आवडला, मग डिस्पॅचलाही.

महिनाअखेरीला डॅशबोर्ड दाखवायची मीटिंग झाली. पडद्यावर रंगीत गोल आला. त्यातला अर्ध्याहून जास्त भाग एकाच निळ्या रंगाचा. पोरांनी माना खाली घातल्या. अण्णा पंख्याकडे बघत बसले. शेठ खुर्ची पुढे ओढून बराच वेळ त्या निळ्याकडे बघत होते.

"हे इतर जोरात चाललंय की," ते म्हणाले. "चाकणला पण चालू करा."