खुर्द्याचे पारखी

वाण्याने परत केलेली मोड तळहातावर पडताच जो ती मोजण्याऐवजी वाचू लागतो, आणि मागे खोळंबलेल्या गिऱ्हाइकांच्या तगाद्याला न जुमानता प्रत्येक नाण्याचा सन खिशातल्या भिंगाखाली धरून मगच त्याचा स्वीकार करतो, तो इसम खुर्द्याचा पारखी होय, असे खुशाल समजावे. अशी विभूती दर पेठेत एक तरी असते. आमच्या पेठेतल्या विभूतीस लोक आदराने, आणि दुकानदार काहीशा धास्तीने, ‘नाणेशास्त्री’ म्हणतात.

शास्त्रीबुवांची विद्या खोटी नव्हे. सनाखाली हिऱ्याची खूण असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, तारा असेल तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे, हा पाठ त्यांनी पेठेतल्या पोरासोरांकडूनही घोकून घेतला आहे. अभाव हेच ज्याचे लक्षण, असा मान वेदान्तात ब्रह्माला आणि नाणकशास्त्रात कोलकात्याला मिळाला आहे, असे ते सांगतात. फक्त झिजून गुळगुळीत झालेले एकूण एक नाणे या न्यायाने कोलकात्याच्या खाती जमा होते, हे त्यांच्या नजरेस आणून देण्याची हिंमत अद्याप कोणी केलेली नाही.

मोल ठरविण्याच्या कामी मात्र शास्त्राचा अंमल संपून श्रद्धेचा सुरू होतो. सहाव्या जॉर्जचा 1939 सालचा चांदीचा रुपया अतिदुर्मिळ, हे जाणकारांना मान्यच आहे. परंतु तो कोथिंबिरीच्या जुडीबरोबर आज ना उद्या आपल्या हाती येणारच, हा सिद्धान्त सर्वस्वी शास्त्रीबुवांचा. सरकारने पावली व तिच्याखालची नाणी 2011 च्या जूनअखेर चलनातून बाद केली, तेव्हा इतरांनी डबे झाडून टाकले आणि यांनी पेढे वाटले. त्यांच्या संग्रहाचे भूषण म्हणजे कमळाचे पिवळे वीस पैसे, 1968 ते 1971 या सालांतले. त्यात सोने असल्याची जुनी आवई ते तुच्छतेने खोडून काढतात खरे, पण खोडताना आवाज बराच खाली आणतात. गतवर्षी लक्ष्मीपूजनाच्या सकाळी घरच्या मंडळींनी तीच नाणी चिंच-मिठाने घासून लख्ख केली, तेव्हा शास्त्रीबुवांनी ताम्हनाशेजारी मटकन बसून, “अहो, धातूवर चढलेली काळाची छटा गेली! निम्मे मोल गेले!” असा आक्रोश केला. “मग उरलेले निम्मे तरी कुणाकडून आणून दाखवा,” एवढेच उत्तर आले.

पुढे एका भामट्याचा दूरध्वनी आला. वैष्णोदेवीची छाप असलेल्या 2012 च्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये देतो, कराची किरकोळ रक्कम तेवढी आगाऊ पाठवा, असा त्याचा प्रस्ताव होता. अशा ठकांपासून सावध राहण्याचा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये दिलेला. तरी कित्येक शहाणीसुरती माणसे नागवली गेली आहेत. शास्त्रीबुवा मात्र सहीसलामत सुटले, कारण देऊ केलेली किंमत त्यांना अपमानास्पद वाटली. त्यांनी भामट्याला प्रथम सनाखालची खूण पाहावयास सांगितली, ती कशी पाहावी हे समजावून दिले, आणि छापा सरळ धरून नाणे डावीउजवीकडे फिरविल्यावर काटा तिरपा आला तर टांकसाळीची चूक कशी ओळखावी, या विषयात ते शिरतात न शिरतात तोच पलीकडून दूरध्वनी बंद झाला.

शास्त्रीबुवांनी लगेच उलट फोन लावला. विवेचन अर्धवट राहिले होते.