पहिल्या रांगेतले आप्पा

निमंत्रणपत्रिकेवर छापलेली वेळ खरी मानणारी माणसं फलटणमध्ये दोनच. एक पुण्याहून आलेला वक्ता आणि दुसरे आप्पा. 'सायं. ठीक ६ वाजता' यातला 'ठीक' हा शब्द बाकीचं गाव सोडून देतं. सहाला आपण अंगणात पाणी मारत असतो, साडेसहाला 'सुरू झालं असेल का हो?' असा फोन करतो आणि सातला चप्पल शोधतो. आप्पा मात्र पावणेसहाला हजर. सभागृहात तेव्हा फक्त मांडववाल्याचा पोरगा असतो. तो माइकमध्ये 'हॅलो, हॅलो, चेक' म्हणतो आणि आप्पा मागच्या खुर्चीवरून हात वर करून 'येतोय आवाज' असं सांगतात. मग बेस कमी करायला लावतात आणि पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर येऊन बसतात. पहिल्या दोन खुर्च्या आयत्या वेळी येणाऱ्या नगरसेवकासाठी मोकळ्या ठेवायच्या असतात, हे त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

आप्पा हे एका माणसाचं नाव नव्हे. लक्ष्मीनगरात एक आप्पा आहेत, मलठणात एक आहेत. कोळकीत दोन आहेत, पण त्यांचं एकमेकांशी पटत नाही. वाईलाही असतात, कराडलाही असतात आणि सांगलीला तर नाटकवेडामुळे त्यांची पैदास जास्तच आहे. वय साठीच्या पुढे, नोकरी सरकारी होती, पेन्शन चालू आहे, मुलगा पुण्यात नाहीतर बंगळुरूला. बायकांमध्येही आप्पा असतात. त्यांना माई म्हणतात आणि त्या येताना शेजारच्या दोघींना घेऊन येतात, म्हणून आयोजकांना त्या जास्त प्रिय. मी इथे लिहितोय ते या सगळ्यांचे मिळून एक आप्पा.

फलटणला गर्दीची वाण नाही. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रामाचा रथ निघतो तेव्हा सगळा तालुका रस्त्यावर असतो. आषाढी वारीत माउलींची पालखी तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण करून फलटणला विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला येते, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. आप्पा या दोन्हींना जातात, नमस्कार करतात आणि लवकर घरी येतात. "तिथं लाख माणूस असतंय. आपण नसलो म्हणून माउलींचं काय अडलंय?" असं ते म्हणतात. त्यांचा जीव रमतो तो बावीस माणसांच्या कार्यक्रमात. बावीसातला एक उठला की वक्त्याचा चेहरा पडतो. आपण बसून राहिल्याने जगात काही फरक पडतो याचा इतका ताबडतोब पुरावा निवृत्त माणसाला दुसरीकडे कुठे मिळणार?

आप्पांच्या पँटच्या उजव्या खिशात कापराच्या चार वड्या आणि काडेपेटी असते. कार्यक्रमांचा अनुभव नसलेल्याला याचा अर्थ कळायचा नाही. आपल्याकडे कुठलाही सांस्कृतिक उपक्रम दीपप्रज्वलनाशिवाय सुरू होत नाही आणि दीपप्रज्वलन कधीही पहिल्या काडीत होत नाही. समई घासूनपुसून लखलखीत असते. पण वाती तेलात भिजवायच्या राहिलेल्या असतात, डोक्यावर पंखा गरगरत असतो आणि प्रमुख पाहुणे हातात विझलेली मेणबत्ती धरून फोटोसाठी हसत असतात. अशा वेळी आप्पा उठतात. मांडववाल्याच्या पोराला नुसत्या भुवईने पंखा बंद करायला सांगतात, पाचही वातींच्या टोकाला कापराचा एकेक तुकडा चिकटवतात आणि मागे सरकतात. ज्योत भक्‌कन पेटते, टाळ्या पाहुण्यांना मिळतात. फोटोत आप्पांचा फक्त कोपर येतो. गेल्या कित्येक वर्षांचे फलटणमधले उद्घाटनाचे फोटो काढून बघा, डाव्या कडेला तोच कोपर आहे.

चित्रप्रदर्शनात आप्पा वेगळे असतात. आमच्याकडच्या चित्रप्रदर्शनांचे विषय ठरलेले: जबरेश्वराचं दगडी देऊळ जलरंगात, मुधोजी मनमोहन राजवाडा पेन्सिलीत, वारकरी तैलरंगात आणि एखादं अमूर्त, जे चित्रकला शिक्षकांच्या पुण्यात शिकणाऱ्या मुलीनं काढलेलं असतं. आप्पा प्रत्येक चित्रापुढे दोन पावलं मागे जातात, एक डोळा मिटतात, मग पुढे होऊन सही वाचतात. देवळापुढे म्हणतात, "हुबेहूब!" अमूर्तापुढे म्हणतात, "डेप्थ आहे." तिसरा शेरा त्यांच्याजवळ नाही आणि लागतही नाही. माझ्या ओळखीच्या एका समीक्षकाचं सगळं करिअर याहून कमी शब्दांवर चाललंय.

पण आप्पांची खरी कला दिसते ती अभिप्राय वहीत. दाराजवळच्या टेबलावर दोऱ्याला बांधलेलं पेन आणि दोनशे पानी वही असते. इतर लोक 'छान', 'खूप सुंदर', 'शुभेच्छा' लिहून सही ठोकतात. आप्पा खुर्ची ओढून घेतात, चष्मा बदलतात आणि पान भरून लिहितात. एका प्रदर्शनाच्या वहीत मी त्यांचा मजकूर वाचला होता. सुरुवात कलेच्या चिरंतन मूल्यांपासून होती, मधे सईबाईसाहेबांच्या माहेरचं गाव म्हणून फलटणचं ऐतिहासिक महत्त्व होतं, पुढे संस्थानी काळातल्या गुणीजनांचा उल्लेख होता आणि शेवटी 'प्रकाशयोजना सुधारावी, चहा उत्तम' असं होतं. चित्रांबद्दल काही नव्हतं. पण चित्रकार सरांनी ते पान मोबाइलवर फोटो काढून ठेवलंय. एवढं लिहिणारा दुसरा कोण भेटला होता त्यांना?

कराओकेचं थोडक्यात सांगतो, कारण तो विषय काढला की काकू, म्हणजे आप्पांच्या सौभाग्यवती, उठून आत जातात. निवृत्तांच्या कराओके गटात आप्पांकडे मुकेशचं खातं आहे. मुकेशची गाणी सोपी असतात असा एक गैरसमज आपल्या समाजात पसरलेला आहे. आप्पा त्याचे बळी आहेत आणि त्यांचे आम्ही.

साहित्यातही त्यांना गती आहे. गौरी देशपांडे विंचुर्णीला राहायच्या, विंचुर्णी म्हणजे आमच्या इथून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या थोरल्या बहीण जाई निंबकर फलटणच्याच. इरावतीबाई कर्व्यांच्या दोन्ही लेकी आपल्या तालुक्यात नांदल्या, ही गोष्ट आप्पा बाहेरगावच्या प्रत्येक वक्त्याला स्वागताच्या चहाबरोबर देतात. 'विंचुर्णीचे धडे' वाचलंत का, असं वक्त्याने उलट विचारलं तर आप्पा म्हणतात, "घरात आहे." हे उत्तर खरं आहे. ते पुस्तक त्यांना कुठल्याशा स्पर्धेचं परीक्षक म्हणून भेट मिळालं होतं आणि अजून वेष्टनात आहे.

या सगळ्यात आप्पा खुलतात मात्र ज्योतिषाच्या व्याख्यानाला. कवी आला तर बावीस, चित्रकार आला तर तीस आणि ज्योतिषी आला तर जिन्यात उभं राहावं लागतं, हे आमच्या गावचं गणित आहे. मागच्या वेळी विषय होता शनीचं राश्यंतर. २९ मार्च २०२५ ला शनी कुंभेतून मीनेत गेला. एका राशीला साधारण अडीच वर्षं, आपल्या राशीच्या मागची, आपली आणि पुढची अशा तीन राशी मिळून साडेसात, ही साडेसाती. म्हणजे आता ती कुंभ, मीन आणि मेषेला. सभागृहात या तीन राशींचे लोक पुढे सरसावून बसले होते आणि सुटलेले मकरवाले मागे पाय पसरून बसले होते.

आप्पा मकर राशीचे. जानेवारी २०१७ पासून त्यांच्यामागे शनी होता. त्या काळात त्यांचा गुडघा धरला, गाडीचा आरसा चोरीला गेला, सून आणि काकू यांच्यात फोनवरून काहीतरी झालं, बोअरचं पाणी गेलं. प्रत्येक वेळी आप्पा आकाशाकडे बोट दाखवून मोकळे होत. काकूंनी गुडघ्यासाठी चालायला जा म्हटलं तरी ते म्हणायचे, "पंचवीस सालापर्यंत थांब." पंचवीस साल आलं, मार्च संपला, शनी मीनेत गेला. गुडघा होता तिथेच. एवढी मोठी अडचण आप्पांवर साडेसातीतही आली नव्हती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा आप्पा उठले. त्यांच्या प्रश्नाची सुरुवात नेहमीची: "माझा प्रश्न नाही, एक निरीक्षण आहे." निरीक्षणात त्यांची पत्रिका आली, लग्नरास आली, गुडघ्याचा एक्स-रे आला. वक्त्यांनी डोळे मिटून बोटांच्या पेरांवर काही मोजलं. मग विचारलं, "घरात धनु राशीचं कोणी?" आप्पा म्हणाले, "मंडळी." वक्ते म्हणाले, "मग बरोबर. धनूला चौथा शनी. लहान पनवती." आप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते आम्ही त्यांच्या निवृत्तीच्या सत्कारातही पाहिलं नव्हतं. शनी घरातून गेलेला नाही, फक्त खोली बदललीय. घरी जाऊन त्यांनी ही बातमी दिली तेव्हा काकू भाजी निवडत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मला पनवती लागली ती अक्षता पडल्या तेव्हाच. यात नवीन काय सांगितलं त्यांनी?"

यावरून कोणाला वाटेल की आप्पा श्रद्धाळू आहेत. तसं काही नाही. त्याच महिन्यात अंधश्रद्धा निर्मूलनाचं व्याख्यान होतं. नरेंद्र दाभोलकरांचा जिल्हा आहे हा, इथे असली व्याख्यानंही चांगली होतात. आप्पा तिथेही पावणेसहाला, डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर. दीपप्रज्वलन नव्हतं, रोपाला पाणी घालून उद्घाटन होतं, तेवढे ते जरा बेचैन झाले. वक्त्यांनी जयंत नारळीकरांच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात २०० मुलांच्या जन्मवेळा जमवल्या, १०० हुशार विद्यार्थी आणि १०० मतिमंद मुलं. त्यांवरून कुंडल्या तयार केल्या. कुंडली बघून मूल यांतलं कोणतं ते सांगा, असं आव्हान ज्योतिषांना दिलं. प्रत्येकाला ४० कुंडल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी निघाली ४६ टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० टक्के आले असते, असं वक्ते म्हणाले आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

आप्पांनीही वाजवल्या, मनापासून वाजवल्या. बाहेर पडताना मला म्हणाले, "नारळीकरांचा अभ्यास म्हणजे अभ्यास. पण ४६ टक्के वाईट नाहीत हो. पस्तीसला पास करतात. पंचेचाळीसला आमच्या वेळी सेकंड क्लास होता." मी म्हटलं, "आप्पा, इथे पासच पन्नासला आहे." त्यांनी विचार केला. मग म्हणाले, "मग पेपर कडक काढलाय." आणि अल्पोपाहाराच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

मी बराच काळ आप्पांना यावरून ढोंगी समजत होतो. आता समजत नाही. त्यांना ज्योतिष खरं की खोटं याचं सोयरसुतकच नाही. कोणीतरी दोनशे मैलांवरून, तयारी करून, इस्त्रीचा झब्बा घालून आपल्या गावात बोलायला आलाय आणि आपण तो बोलेल ते ऐकायला बसलोय, हा व्यवहार त्यांना पवित्र वाटतो. शनी की विज्ञान हा तपशील झाला. झोप लागली तरी ते ताठ बसून झोपतात, म्हणजे वक्त्याचा अपमान होत नाही. टाळ्या पडल्या की जागे होऊन वाजवतात, त्याही चुकत नाहीत.

आमच्याकडे कार्यक्रम न करणारे, पण 'आपल्याकडे काही होतच नाही' म्हणणारे लोक भरपूर आहेत. ते सातारला गेले, पुण्याला गेले की तिथल्या गर्दीचं कौतुक सांगतात. त्यांच्याविषयी लिहायला मला हात आखडता घ्यावा लागेल, म्हणून तो विषय सोडतो. एकदा एकाच संध्याकाळी दोन ठिकाणी कार्यक्रम आले. एकीकडे नवोदितांचं कविसंमेलन, दुसरीकडे वास्तुशास्त्रावर भाषण. आयोजकांनी एकमेकांना विचारलं नव्हतं, कारण त्यांच्यात बोलणं नाही. आप्पांनी मध्यंतराचा हिशोब केला. पहिला अर्धा भाग कवींकडे बसून तीन कविता संपायच्या आधीच 'वा' म्हणून दिलं, मग स्कूटर काढून वास्तुशास्त्राला गेले आणि स्वयंपाकघर आग्नेयेला का असावं यावर निरीक्षण नोंदवून आले. रात्री दोन्ही आयोजकांनी आपापल्या बातमीत 'ज्येष्ठ रसिकांची लक्षणीय उपस्थिती' असं लिहून पाठवलं. दोन्हीकडे ती एकाच माणसाची होती.

तेव्हा फलटणमध्ये कोणी कसला कार्यक्रम ठेवणार असेल, कवितेचा, रांगोळीचा, ग्रहांचा किंवा ग्रह नसल्याचा, त्याला माझं एक सांगणं आहे. वक्त्याचं मानधन ठरवा, हॉल ठरवा, चहावाल्याला तीस कप सांगा. पत्रिका आप्पांच्या घरी स्वतः नेऊन द्या, व्हॉट्सॲपवर पाठवलेली त्यांना चालत नाही. आणि आभारप्रदर्शनाच्या यादीत मांडववाला, माइकवाला, पत्रकार बंधू यांच्यानंतर त्यांचं नाव न चुकता घ्या. ते नाव राहिलं तर आप्पा पुढच्या वेळीही येतील, त्याबद्दल शंका नको. पण कापूर आणणार नाहीत.