ध्यानकुटीतली जागल

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरातून माणसं शांत होऊन येतात. मी सुतार होऊन आलो. बोर अभयारण्याच्या कडेला, हिंगणीकडे आमचं वडिलोपार्जित शेत आहे. तिथे स्वतःच्या हातानं सबंध लाकडी ध्यानकुटी उभारायची, हे मी शिबिरातच डोळे मिटून ठरवलं. श्वासाकडे लक्ष द्यायच्या वेळात कवेलूंचा हिशेब चालू होता.

अभ्यास म्हणून सेवाग्रामची बापू कुटी पाहून आलो. माती, बांबू, कवेलू. आश्रमातल्या पहिल्या कुटीचा खर्च शंभर रुपयांवर जाऊ द्यायचा नाही, सामान जवळपासचंच वापरायचं, ही गांधीजींची अट. तिच्यापुढे हात जोडले आणि घरी येऊन सागवानाचा भाव विचारला.

धुऱ्यावर आमचेच साग उभे आहेत. पण स्वतःचा साग तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते आणि आरागिरणीवर न्यायला वाहतूक परवाना. शेवटी आर्वीकडे पाडलेल्या एका वाड्याच्या तुळया विकत घेतल्या. खिळ्यांसकट. त्या खिळ्यांनी माझ्या रंध्याचं पातं पहिल्याच दिवशी मोक्षाला धाडलं. गावातले म्हातारे मिस्त्री रोज येत, ओळंबा सोडत आणि माझ्या खांबाकडे बघून विचारत, "भाऊ, यानं बी शिबिर केलं काय? लयच नम्र झाला."

उधईच्या भीतीनं कुटी पुरुषभर उंच खांबांवर घेतली. चारही बाजूंनी मोकळी, वर कवेलू, चढायला शिडी. काकाजींनी एकदाच पाहिलं आणि हरखले. "वा गा! मचान मस्त बांधलं. जागलीचं काम झालं."

हरभरा घाट्यावर आला होता. रानडुकरं आणि रोही रोज रात्री हजर. काकाजी टॉर्च, रिकामा डबा आणि गोधडी घेऊन वर चढले ते उतरलेच नाहीत. बापू कुटीही मुळात मीराबेनची होती; गांधीजी तिथे नंतर राहायला आले. तेव्हा माझी तक्रार ऐतिहासिकदृष्ट्या टिकणारी नव्हती.

समईसाठी खांबावर ठोकलेल्या फळीवर आता मोटारीचा स्टार्टर बसलाय, कारण शेतीची वीज बरेचदा रात्रीची येते. मला पहाटेची पाळी मिळाली आहे. पद्मासन घालून बसतो, मन जरा स्थिरावतं, आणि शेजारच्या गोधडीतून काकाजी ओरडतात, "अरे, डबा वाजव ना! डुकरं काय तुह्या ध्यानानं पळतीन?"