मुंबईबाई, आरसा जरा इकडे फिरवा

श्रीमती मुंबईबाई यांस,

मुक्काम मोरा बंदर, तालुका उरण, जिल्हा रायगड येथून साष्टांग नमस्कार, वि. वि.

सर्वप्रथम आपले हार्दिक अभिनंदन. महाराष्ट्राचा स्वभाव जाणून घ्यायला आता महाराष्ट्रात फिरायची गरज उरलेली नाही, तुमच्याकडे एक चक्कर मारली की काम भागतं, असं विद्वान मंडळी परिसंवादांतून सांगत असतात. लोकलमध्ये कुणी सरकून चौथी सीट दिली, की महाराष्ट्र उदार. तुंबलेल्या पाण्यातून दुसऱ्या दिवशी लोक कामावर गेले, की महाराष्ट्र चिवट. २०११च्या जनगणनेत राज्यातल्या नऊ माणसांतला एक तुमच्या हद्दीत भरला. उरलेल्या आठांनी आपापला स्वभाव तुमच्याकडे ठेवायला दिलेला दिसतो. पावती कुणाकडे आहे, तेवढं कळवा.

आम्ही कोण म्हणाल, तर समोरचेच. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने तासाभराच्या आत. जाहिरातीत आम्ही नवी मुंबईत असतो, सातबारावर रायगडात. मोठी ओहोटी असली की बंदरात गाळ उघडा पडतो आणि लाँच धक्क्याला लागत नाही. कधी दोन, कधी तीन तास वाहतूक बंद. मासळीची पाटी रिकामी करून परतणारी बाई तिकडे अडकते. इकडे मुलाखतीला निघालेला पोरगा इस्त्रीच्या शर्टाला चिखल लागू नये म्हणून उभ्यानेच थांबतो. कुणी आरडाओरडा करत नाही. तुम्ही याला स्पिरिट म्हणाल. आम्ही गाळ म्हणतो.

आता १२ जानेवारी २०२४ला अटल सेतू झाला, ही तक्रार जुनी झाली, असं तुम्ही म्हणालच. सेतू खरंच देखणा आहे. पावणेबावीस किलोमीटरचा. आमच्याच तालुक्यात उतरतो. पण त्यावर मोटारसायकल चालत नाही, रिक्षा चालत नाही, आणि मोटारीला टोल आहे. उरणात किती घरांत मोटार आहे आणि किती घरांत मोटारसायकल, हे तुमच्या विद्वानांनी एकदा मोजावं. त्याच दिवशी उरणची लोकलही सुरू झाली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. नाहीतर आम्ही कृतघ्न ठरू.

बरं, तुमच्या-आमच्यात देणंघेणं नाही असं नाही. एकोणिसाव्या शतकात तुमची मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांत गाळली जाई. मीठ तर आमच्या मिठागरांतून जायचंच. पुढे समुद्रात तेल आणि वायू सापडला. नाव पडलं मुंबई हाय, नळ आला उरणला. तो वायू ओएनजीसीच्या इथल्या प्रकल्पातून पुढे तुमच्या स्वयंपाकघरात जातो. ३ सप्टेंबर २०१९ला त्या प्रकल्पात आग लागली, चार माणसं गेली. तेव्हा तुमच्याकडे एक काळजी अशीही होती, की आता सीएनजी पंपावर प्रेशर कमी येणार. काळजी रास्त होती, रांगेत उभं राहायला तुम्हालाच लागतं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. तुमच्या धक्क्यांवर गर्दी झाली, म्हणून खाडीपलीकडे नवं बंदर आलं आणि १९८९मध्ये सुरू झालं. आज देशातल्या मोठ्या सरकारी बंदरांतले जवळपास निम्मे कंटेनर एकटं हे बंदर हाताळतं. जगभरच्या कागदांवर ‘न्हावा शेवा’ छापलेलं असतं. त्यातल्या शेवा कोळीवाड्याला मात्र बंदरासाठी उठावं लागलं. माणसं उरणजवळ बोरीपाखाडीला आणली, वस्तीचं नाव हनुमान कोळीवाडा. जमिनीत वाळवी निघाली. दारांच्या चौकटी, वासे, कपाटं, कपाटातले कागद, सगळं पोखरलं गेलं. या लोकांनी अर्ज केले, मोर्चे काढले, होड्या घेऊन बंदराचा मार्ग अडवायला गेले. आश्वासनं भरपूर मिळाली. तेवढ्यांना वाळवी लागलेली नाही.

तुमच्या खाडीपलीकडच्या धाकट्या बहिणीची, नवी मुंबईचीही हीच कथा. १९७०मध्ये शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं, जमिनी घेतल्या. भाव मागायला दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उभे राहिले, जानेवारी १९८४मध्ये गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं सूत्र पुढे आलं. शंभरातले साडेबारा परत मिळवायला पाच जीव.

गैरसमज नको. खरा महाराष्ट्र खेड्यातच, अशी गळा काढणारी जात आम्हाला तुमच्याइतकीच नकोशी आहे. उरण आता खेडंही राहिलेलं नाही. रस्त्यांवर ट्रेलर उभे आहेत आणि भातशेतीवर कंटेनर यार्ड. समाजाचा स्वभाव महानगरात दिसत नाही, असंही आमचं म्हणणं नाही. दिसतो की! फक्त मरीन ड्राइव्हवर नाही. घरात नको असलेलं तुम्ही कुणाच्या अंगणात नेऊन ठेवता आणि त्याला विचारता का, त्यात तो दिसतो. हा स्वभाव एकट्या तुमचा नाही, पुणे-नागपूरवालेही तसेच. तुमचं अंगण मोठं, एवढंच.

म्हणून नम्र विनंती. ‘महानगर आणि समाजमन’ असा पुढचा परिसंवाद भरवाल तो हनुमान कोळीवाड्यात भरवा. चहा-पाण्याचं आम्ही बघू. खुर्च्या मात्र प्लास्टिकच्या आणा, लाकडी टिकणार नाहीत.

आपला,
मोरा बंदरावरचा एक प्रवासी