बेडूक आणि बेडूकमासा

जुलै महिन्यात मिरा रोडला बेडूक कुठे होतात असं कुणी विचारलं, तर खाडीकडे बोट दाखवू नये. खाडीकाठच्या बऱ्याच दलदलीवर आता टॉवर उभे आहेत. बेडूक होतात ते नर्सरीत. शांतीनगरच्या सेक्टरांत, नया नगरात, तळमजल्यावरच्या दोन गाळ्यांमधली भिंत पाडून थाटलेल्या, दारावर कार्टून रंगवलेल्या वर्गांत एकेका सकाळी पंचवीस-तीस बेडूक एकदम जन्माला येतात. कागदी ताटलीचं अंग, त्यावर हिरवा पोस्टर कलर, लाल क्रेप कागदाची गुंडाळलेली जीभ आणि स्टेशनरीच्या दुकानात पाकिटात मिळणारे हलते डोळे. सगळे एका मापाचे, सगळे एकाच दिशेला बघणारे. दुपारी शाळा सुटली की ते रिक्षातून आणि स्कूटीवरून घरोघरी पोचतात आणि फ्रिजच्या दाराला चिकटतात.

नर्सरीचं एक पंचांग असतं. जूनमध्ये छत्री, जुलैत बेडूक, ऑगस्टमध्ये राखी आणि तिरंगा. पुढे मोदक, टिपऱ्या, पणती, नाताळबाबा, पतंग. आमच्या गावात मराठी, गुजराती, मारवाडी, उत्तरेकडचे, मुसलमान, उत्तनचे ख्रिस्ती कोळी असे सगळे दाटीवाटीने राहतात, त्यामुळे ईदची चंद्रकोर आणि नाताळची चांदणीही ओघाने येते. सर्वधर्मसमभावाची खरी ओझेकरी ही हस्तकलेची टीचर. आणि तिचा खरा सोबती कापूस. एकाच गुंडाळीतून आधी ढग निघतो, मग मेंढी, मग सशाची शेपूट, मग नाताळबाबाची दाढी आणि उरलेल्यात इग्लू. इग्लू आणि मेंढी या दोन्ही गोष्टी भाईंदर पूर्व-पश्चिम मिळून कुणीच पाहिलेल्या नसतात, पण कापूस दोघांनाही पुरतो.

आमच्या नातीचा बेडूक घरी आला तेव्हा मी तिला विचारलं, "यात तू काय केलंस गं?"

तीन-साडेतीन वर्षांची माणसं फार प्रामाणिक असतात. ती म्हणाली, "मी हा डोळा लावला."

"वा! छान लावलास."

"मी इथे लावला होता," तिने बेडकाच्या पोटावर बोट ठेवलं. "मग टीचरने काढून इकडे लावला."

म्हणजे त्या बेडकात आमच्या घराण्याचा वाटा एका डोळ्याचा, आणि तोही बदली होऊन आलेल्या डोळ्याचा. सूनबाईंनी तरी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, खाली पंधरा-वीस लाल बदाम जमले. प्रत्येक घरातून तोच फोटो, फ्रिज तेवढे वेगळे.

यावर टीचरला नावं ठेवणं सोपं आहे, पण मी तिला जवळून बघते. ती नायगावहून गाडीच्या गर्दीत उभी राहून येते. आदल्या रात्री स्वयंपाक आवरून, मालिका बघत बघत, जेवढी मुलं तेवढ्या जिभा कापून ठेवते. ताटल्या रंगवायला नवऱ्याला बसवते. म्हणजे खरं पाहता त्या बेडकांवर तिच्या नवऱ्याचं नाव घालायला हवं. मी एकदा म्हटलं, "टीचर, मुलांनाच करू द्या ना, वेडंवाकडं का होईना." ती हसली. "आजी, मलाही तेच आवडतं. आमच्या कोर्समध्येही तेच शिकवलंय. पण वेडंवाकडं घरी गेलं ना, की संध्याकाळी मेसेज येतो, आज टीचरचं लक्ष नव्हतं का म्हणून."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बेडूक ही पावती आहे. फी भरली, माल मिळाला. तो मुलाच्या हातून येतो एवढंच. मुलगा सकाळभर कागद फाडत बसला, रंगाचं पाणी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत ओतत बसला आणि जांभळा झाला म्हणून ओरडला, यातलं काहीच दप्तरात घालून घरी नेता येत नाही. बेडूक नेता येतो.

आता गंमत अशी की याच वयाची मुलं, कुणी न सांगता, घरी जे माणूस काढतात ते कसं असतं? एक मोठं गोल डोकं आणि डोक्यातूनच थेट निघालेले दोन पाय. पोट नाही, गळा नाही, फार तर कानाच्या जागी दोन हात. आई अशी, बाबा असे, वॉचमनकाका असे. आमच्या नातीने काढलेल्या माझ्या चित्रात डोक्यातून निघालेल्या पायांना चष्मा होता. बालचित्रांचे अभ्यासक अशा आकृतीला बेडूकमासा म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऱ्होडा केलॉग या बाईंनी बालवाडीच्या वयाच्या मुलांची दहा लाखांहून अधिक चित्रं जमवली आणि १९६९ साली त्यांवर पुस्तक लिहिलं. मुलांच्या रेघोट्यांचे त्यांनी वीस मूळ प्रकार मोजले. ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, भोवरा, गुंता असं करत करत मूल गोलापर्यंत येतं, गोलाला किरणं फुटली की सूर्य होतो, सूर्याची किरणं कमी होऊन दोनच उरली की माणूस. कुठल्याही देशात साधारण हाच रस्ता. म्हणजे मूल आपल्या वेळेने बेडूकमाशापर्यंत आलेलं असतं, आणि शाळा त्याच्या हातात पुरता वाढलेला, जीभ बाहेर काढलेला बेडूक ठेवते.

पण म्हणून सगळ्यांना मोकळं सोडा, रंग द्या आणि बाजूला व्हा, असं म्हणणाऱ्यांवरही माझा पूर्ण विश्वास नाही. आठवून बघा, आपल्या पिढीला बालवाडीत कुणी हस्तकला शिकवली नव्हती. पाटी आणि पेन्सिल, एवढाच कारभार. मोठेपणी 'हवं ते चित्र काढा' म्हटल्यावर अख्ख्या महाराष्ट्राने काय काढलं? दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, काठावर एक झोपडी, एक नारळ आणि आभाळात मराठी चाराच्या आकड्यासारखे पक्षी. गडचिरोलीपासून सावंतवाडीपर्यंत तेच. तो साचा कुठल्या टीचरने कापला होता? तो एकमेकांच्या वहीत बघून आला. मोकळीकसुद्धा नक्कल करते.

आणि साचा बाहेर आला की तो खऱ्या डोळ्यांचं ऐकत नाही. नातीने समुद्र काढला तो मातकट, चहाच्या रंगाचा. वर्गात तिला निळा खडू देण्यात आला. आता सांगा, भाईंदरच्या खाडीवरून गाडी जाते तेव्हा खाली जे पाणी दिसतं ते कुठल्या जन्मी निळं होतं? भरतीला चहा, ओहोटीला चिखल. पोर रोज बघते ते काढत होती. दुसऱ्या चित्रात तिने पांढऱ्या टेकड्यांची रांग काढली. ते बर्फाचे डोंगर नव्हते, मिठागरातले मिठाचे ढीग होते. त्यांना हिरवा रंग मिळाला. एका परीने ठीकच आहे. हल्ली मिठागरांची जी अवस्था आहे ती बघता थोड्या वर्षांनी तिथे खरंच गवत असेल, नाहीतर सेल्स ऑफिस.

पण हस्तकलेला नुसतं हसून भागत नाही, कारण तिची पाळंमुळं भल्या माणसाकडे जातात. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी जी शाळा काढली, तिचंच पुढे किंडरगार्टन झालं. कागदाच्या घड्या घालणं, रंगीत पट्ट्या एकमेकींतून विणणं, टाचणीने भोकं पाडून चित्र उमटवणं, मातीचे आकार करणं हे त्याने पद्धतशीर बसवलं. आज आमच्या नर्सरीत ज्या पट्ट्या विणल्या जातात त्या त्याच्याच. त्याच्या ठोकळ्यांशी लहानपणी खेळलेला फ्रँक लॉइड राइट पुढे अमेरिकेचा थोर वास्तुरचनाकार झाला, आणि ते आकार जन्मभर बोटांत राहिले असं त्याने आत्मचरित्रात लिहिलं. फक्त एवढं आहे, राइटला ठोकळे दिले होते, बांधलेलं घर नव्हे.

माँतेसोरीबाईंचं आणखी वेगळं. त्या १९३९ साली मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. मुलांच्या हाती खडू देऊन वाट्टेल ते काढू देण्याचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. आधी हात तयार करा, डोळा तयार करा, धातूच्या चौकटीतून आकार गिरवा, आतल्या रेघा भरा. चित्र मागाहून येईल. म्हणजे आमच्या टीचरच्या बेडकावर बाई वैतागल्या असत्या, आणि 'मुक्त कला' म्हणून भिंती रंगवणाऱ्या महागड्या शाळांवरही.

या दोन्ही टोकांच्या मधली वाट आमच्याच पश्चिम रेल्वेवर, विरारच्या पुढे सापडते. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तिथे काम करायला गेल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या. तेव्हा बोर्डी आणि भाईंदर एकाच ठाणे जिल्ह्यात होती. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. माँतेसोरीची परदेशी साधनं परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, फुलं, गोटे, माती हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरली. कुरणात बसून पंचवीस एकसारखे बेडूक कसे कापणार? खरे बेडूक तर शेजारीच ओरडत असणार.

आणि त्याच डहाणू तालुक्यात, शाळेशी काही संबंध नसलेल्या झोपड्यांच्या भिंतींवर, लग्नाचा चौक लिहिला जात होता. वारली बायका गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक काढतात. त्यात काय काढायचं, कधी काढायचं, कुणी काढायचं, सगळं बांधलेलं. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे अंग, वर गोल म्हणजे डोकं, चार काड्या म्हणजे हातपाय. यापेक्षा कडक साचा कुठल्या नर्सरीत नसेल. तरी एका भिंतीसारखी दुसरी भिंत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी तेच दोन त्रिकोण घेऊन मुंग्या, मासेमारीचं जाळं, कापणी, सगळं जग भिंतीवरून कागदावर आणलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साचा त्यांच्या हातात होता. आमच्या इथे हात साच्यात असतो, फरक तेवढाच.

मिरा रोडला वारली चित्र येतं ते झेरॉक्स होऊन. तपकिरी कागदावर बाह्यरेषा छापलेल्या, आत पांढरा रंग भरायचा, रेघेबाहेर जायचं नाही. तेही फ्रिजवर लागतं.

दिवाळीतला किल्ला हा आपल्या मुलांचा खरा मोकळा कारखाना. त्याचं कोण मूल्यमापन करतं? पण सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसले, माती नर्सरीतून, म्हणजे झाडांच्या नर्सरीतून, पोत्याने विकत आणावी लागते, आणि सेक्रेटरी डाग पडतील म्हणून खाली प्लॅस्टिक अंथरायला लावतात. गेल्या दिवाळीत आमच्या विंगच्या मुलांनी किल्ल्याच्या पायथ्याशी काडेपेट्यांचे खांब उभे करून मेट्रो नेली. मावळे मेट्रोच्या रांगेत उभे. एका काकांनी इतिहास बिघडवल्याची तक्रार केली. मुलांनी शांतपणे महाराजांच्या सिंहासनाजवळ एक स्टेशन वाढवलं.

टीचरने मात्र हळूच एक वाट काढली आहे. सोमवार ते गुरुवार पालकांचे, शुक्रवार मुलांचा. गुरुवारी ती कात्री कशी धरायची, गोंद किती घ्यायचा, कागद सरळ कसा फाडायचा एवढंच दाखवते. शुक्रवारी मधोमध टेबलावर पसारा असतो: जुन्या लग्नपत्रिका, भाईंदर पूर्वेच्या कारखान्यातून येणारी स्टीलच्या भांड्यांची रिकामी खोकी, नारळाची करवंटी, सुतळी. ती स्वतः हात मागे बांधून उभी राहते. म्हणते, हे सगळ्यात अवघड आहे, बोटं शिवशिवतात. पहिल्या शुक्रवारी एका मुलाने एका खोक्याभोवती अख्खी सेलोटेप गुंडाळली, दुसरं काहीच केलं नाही. तिने विचारलं, "हे काय केलंस?" तो म्हणाला, "पार्सल. उघडायचं नाही." तिने तेच वाक्य चिठ्ठीवर लिहून खोक्याला चिकटवलं आणि त्याच्या आईच्या हातात दिलं. आई फाटकात उभी राहून खोकं हलवून बघत होती.

आता पालकांच्या ग्रुपवर सूचना आली आहे: शुक्रवारसाठी घरातली टाकाऊ खोकी पाठवावीत. ताबडतोब अंगठ्यांचा पाऊस पडला. एका उत्साही बाबांनी विचारलं की खोकी कुठल्या साइझची हवीत, आणि रंग कुठला. संध्याकाळी सूनबाई स्टेशन रोडवरून नवी कोरी रिकामी खोकी घेऊन आली, डझनाच्या भावाने.

"अगं, टाकाऊ सांगितलीत ना?"

"हो आई," ती म्हणाली, "पण आपल्या घरातली जरा जुनी दिसत होती."

नातीने त्यातलं एक खोकं घेतलं, डोक्यावर उलटं घातलं आणि दोन पाय खाली सोडून चालत स्वयंपाकघरात गेली.

"टीचरला सांग, मी झाले," आतून आवाज आला.

"काय झालीस?"

"माणूस."