नक्षीचा सोस

कर्नाटकातल्या तलकाडच्या सहलीची स्क्रॅपबुक मीच करणार, हे परतीच्या बसमध्ये मी परस्पर जाहीर करून टाकलं. माझ्या कलादृष्टीबद्दल आमच्या ग्रुपमध्ये दुमत नाही. निदान मी ते होऊ दिलेलं नाही.

नियम मला तोंडपाठ आहेत. एका पानावर नक्षीचे कागद तीनच घ्यायचे: एक ठसठशीत, एक मध्यम, एक अगदी बारीक. तिघांत एखादा रंग सारखा हवा. उरलेली जागा कोरी सोडायची, म्हणजे नजरेला टेकायला ओसरी मिळते. हे नियम मी इतरांना इतक्या ठामपणे सांगते की स्वतः पाळायला वेळच उरत नाही.

पहिलंच पान वैद्येश्वराचं. दारातल्या धिप्पाड द्वारपालाशेजारी मी, इकतच्या साडीत. मागे चौकडीचा कागद, कोपऱ्यांत ठिपके, कडेने पट्टे, आणि पट्टे फार एकटे दिसायला लागले म्हणून वरून वेलबुट्टीची टेप. जाऊबाईंनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

"सुरेख झालंय गं. पण यात तू कुठेयस?"

तलकाडची देवळं वाळूखाली गेली ती अलमेलम्मा राणीच्या शापाने म्हणतात. मी मात्र स्वखर्चाने गाडली गेले होते.

मी खापर होयसळांवर फोडलं. तलकाडनंतर आम्ही सोमनाथपूरला गेलो होतो. त्यांचं १२५८ सालचं ते देऊळ पाहून कोणाचा संयम टिकेल? भिंतीच्या तळाशी हत्तींची रांग, त्यावर घोडेस्वार, मग वेल, मग पुराणातल्या कथा, वर मकर, त्यावर हंस. कोरी जागा त्यांनी तरी कुठे सोडलीय? पण जाऊबाईंनी आपल्या फोनमधला फोटो मोठा करून समोर धरला. हत्ती-घोड्यांच्या पट्ट्या अरुंद, सगळ्या खाली. देव मात्र वर, चांगले ऐसपैस. म्हणजे ठसठशीत, मध्यम, बारीक हा माझा नियम त्यांनी आधीच पाळून ठेवलेला. त्यातून तलकाडचं कीर्तिनारायण देऊळ. चोळांकडून गाव जिंकल्यावर विष्णुवर्धनाने ते बांधलं. याच राजाचं १११७ सालचं बेलूरचं देऊळ नक्षीने ओसंडतं आणि हे बाहेरून किती साधं! बेलूरचा दगड मऊ, छिन्नी म्हणेल तसा वळणारा. इथला ग्रॅनाइट हट्टी. त्या कारागिरांना निदान दगड तरी अडवत होता. माझा कागद कशालाच नाही म्हणत नाही.

शेवटच्या पानासाठी कापड हवं म्हणून ट्रंक उघडली. वर ब्लाउजपीसांची चळत. हा एक स्वतंत्र विषय आहे. ब्लाउजपीस शिवण्यासाठी नसतो, तो फिरण्यासाठी असतो. वास्तुशांतीला आलेला हळदीकुंकवाला जातो, तिथून डोहाळजेवणाला, तिथून कोणाच्या तरी मुंजीला. त्याची घडी कोणी मोडत नाही; घडीच्या रेषेवर रंग विटला की तो जाणता झाला असं समजावं. आमच्याकडचा एक शेवाळी पीस माझ्या लग्नाआधीपासून नात्यात हिंडतो आहे. मी त्याला दोनदा निरोप दिला. तो नातेवाइकांना माझ्यापेक्षा जास्त भेटलेला आहे, आणि कोणाशीही त्याचं वाकडं नाही.

चळतीच्या तळाशी मात्र आईचा खण निघाला. गुळेदगुड्डचा, अंजिरी, दोन्ही बाजूंना काठ आणि अंगभर तांदळाएवढी बुट्टी. आईने तो शिवलाही नाही, कोणाला दिलाही नाही. खिडकीशी धरून तिरका केला की बुट्टी एकदा उजळते, एकदा विझते. एका बुट्टीचंही अंतर चुकलेलं नाही.

सोमनाथपूरला मल्लितम्मा या शिल्पकाराने आपल्या मूर्तींखाली नाव कोरून ठेवलंय. गाइड ते कौतुकाने दाखवतो आणि आपण माना डोलावतो. या खणावर नाव नाही. आईने फाटक्या साड्यांच्या गोधड्या शिवल्या, त्यांवरही नाही. तेच हत्ती पुन्हा पुन्हा दगडात कोरले की ती कला, तोच टाका बाईने पुन्हा पुन्हा घातला की "बरा वेळ मिळतो हो तुम्हाला!" हे वाक्य आईने आयुष्यभर हसून ऐकलं. मला ते हसून ऐकता येत नाही. ऐकलं की हातातली कात्री आधी खाली ठेवावी लागते.

त्या दिवशी उचलली. खणाची चार बोटांची पट्टी कापली. कडेचे दोरे सुटायला लागले, ते तसेच राहू दिले. पानावर ती पट्टी आणि वाळूत चपला हातात घेऊन हसणाऱ्या आम्ही सगळ्या. बाकी पान कोरं.

जाऊबाई बराच वेळ पाहत राहिल्या. "आता दिसतेयस हो," म्हणाल्या.

मग मी खाली कोपऱ्यात सोनेरी पेनने नाव लिहिलं. मल्लितम्मापेक्षा जरा मोठ्या अक्षरांत. ते फारच उघडं वाटायला लागलं, म्हणून भोवती छोटीशी वेल काढली. आणि वेलीला कुठेतरी टेकवायला हवं, म्हणून एक हत्ती.