घर आसताना लॉजार कित्याक?

कोकण रेल्वेत पहिल्यांदा बसणारा माणूस खिडकी पकडतो ती समुद्रासाठी. रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत साधारण ७४० किलोमीटर धावणारा हा मार्ग महाराष्ट्रात मात्र समुद्रापासून चांगलंच अंतर राखून जातो. दिसतात ते डोंगर, भाताची खाचरं, चिऱ्याची घरं आणि बोगदे. रत्नागिरीअलीकडचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरांचा. त्यात मोबाइलची रेंज जाते आणि डब्यातली माणसं नाइलाजाने एकमेकांशी बोलू लागतात.

चाकरमान्याची अडचण नेमकी इथे सुरू होते.

कारण या वेळी तो गावी निघालेला नसतो. गाव मालवण तालुक्यातच, घर शाबूत, काकी खमकी. तरी बुकिंग तारकर्लीच्या रिसॉर्टचं, तेही गुपचूप. घरी गेलं की आराम कसला? देवाला नारळ ठेवायचा, भावकीत घरोघरी चहा प्यायचा, आणि सातबाऱ्यावरच्या नावांचा विषय निघाला की बांगड्याचा काटासुद्धा गोड लागत नाही. एवढा सगळा हिशेब करून निघालेल्या माणसाला समोरच्या बाकावरचे आजोबा विचारतात, "गाव खंयचा? कोणाचो रे तू?" खोटं बोलायचं तर आडनावच आड येतं.

गप्पांना वेळही भरपूर. रोहा ते वीर हा तुकडा दुहेरी झाला. पुढे बहुतेक रूळ एकेरीच. त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देत 'क्रॉसिंग'ला थांबणं हा या प्रवासाचा अधिकृत कार्यक्रम आहे. मांडवी एक्स्प्रेस असेल तर तेवढ्यात कटलेट येतं. रत्नागिरीनंतर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल येतो, तेव्हा डबा क्षणभर गप्प होतो. मग आजोबा पुढचा धागा उचलतात. या गाडीसाठी राजापूरचे खासदार मधु दंडवते किती झटले, १९९० मध्ये रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी काम कसं मार्गी लावलं, ई. श्रीधरन यांनी डोंगर कसे फोडले. २६ जानेवारी १९९८ ला सगळा मार्ग खुला झाला. त्याआधी गावाला जायचं म्हणजे एसटीत रात्रभर हाडं खिळखिळी करून घ्यायची. एवढा खटाटोप चाकरमान्याला घरी पोचवण्यासाठी झाला, आणि हा निघालाय पैसे भरून परक्या खाटेवर झोपायला! आजोबा असं बोलत नाहीत. नुसते बघतात.

किल्ला पाहायला निघालेली काही मंडळी सिंधुदुर्ग स्टेशनवर उतरतात आणि तट शोधू लागतात. ते स्टेशन ओरोसकडे; शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधलेला किल्ला मालवणच्या समुद्रात. चाकरमानी शहाणा, तो कुडाळला उतरतो. रिक्षावाला सामान ठेवतानाच विचारतो, "घराकडे ना?"

तारकर्ली-देवबाग ही एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र अशी चिंचोळी पट्टी. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि इथल्या माडांच्या बागांतून खोल्या उगवू लागल्या. एमटीडीसीचं रिसॉर्ट आहे, स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, आणि घरोघरी 'निवास व न्याहारी'. न्याहारीला घावणे आणि नारळाचा रस. हेच घावणे काकी फुकट घालते, पण सोबत "पोराचा लगीन कधी?" असतं. रिसॉर्टात तो प्रश्न दरपत्रकात नसतो, आणि खरं सांगायचं तर पैसे त्याचेच असतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपाळ्यावर डोळा लागतो न लागतो तोच काकी फाटकातून आत. रिक्षावाल्याकडून बातमी मासळीबाजारात, बाजारातून घरी. "मेल्या, घर आसताना लॉजार कित्याक?" एवढंच विचारून ती ताटाकडे वळते. आमटी चाखते. "तिरफळां खंय?" बांगड्याच्या आमटीत तिरफळ नाही, म्हणजे तिच्या लेखी गुन्हाच. आचारी काही सांगू पाहतो, तोवर काकी पदर खोचून स्वयंपाकघरात शिरलेली असते.

संध्याकाळी फळ्यावर खडूने नवा पदार्थ चढतो: 'स्पेशल घरगुती बांगडा'. काकी चष्मा लावून दर वाचते आणि सुरूच्या बनापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "एका बांगड्याक इतके पैशे?"